पारा कुठे थांबला

१७ मार्च १९१८

नरसू आज पुन्हा तेच ऐकवून गेला. ओसरीवर उभ्या उभ्याच, बसलासुद्धा नाही! "दादा, जूनमध्ये रिसाल्यात भरती आहे. संताजीचं नाव मी सांगून ठेवलंय. बेंगळूरच्या कॉलेजात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पोराला घोड्यावर बसवायचं. घरात बसवून श्लोक म्हणायला लावायचे नाहीत."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

नरसिंगराव माझा धाकटा भाऊ. जन्म रिसाल्यात गेला, मिशीही रिसाल्याचीच. आमच्या घराण्यात पणजोबांपासून सगळे म्हैसूरच्या रिसाल्यात, घोड्यावरचे. मीच एक असा निघालो की घोडा पाहिला की मला वृत्त आठवायचं. म्हणून रिसाल्याच्या कचेरीत लेखणी धरून बसलो आणि तिथूनच पेन्शनीत आलो. नरसू अजून म्हणतो, दादा घोड्याच्या टापा मोजायचा, घोडा पळून जायचा.

हसलो मीही. पण तो गेल्यावर तुळसी — रणोजीची बायको, संताजीची आई — भांडी विसळता विसळता हळूच म्हणाली, "मामंजी, एक मिसरात गेलाय. दुसरा नको हो."

रणोजी माझा एकुलता. रिसाल्याबरोबर मिसर देशी लढाईवर गेला त्याला आता चौथं वर्ष.

म्हणालो, देऊ परीक्षा, बघू.

१९ मार्च

ऊन फार. संताजी शाळेतून आला तो हातावर शाई, गुडघ्याला माती. विचारलं तर म्हणे — "अज्जा, आज जमीन मोजली." राज्य जिंकून आल्यासारखा!

२३ मार्च

आज मुद्दाम शाळेकडून चक्कर मारली. गेटाशी उभा राहून बघत होतो, शिपायानं हटकलं — "यार बेकु, अज्जा?" कोण पाहिजे? मी म्हणालो, कुणी नको बाबा, नुसता बघतोय.

खरंच नुसता बघत होतो. आमच्या वेळची रिसाल्याची मराठी शाळा तबेल्याला लागून होती. पंतोजी वेताची छडी आपटून ताल धरायचे आणि आम्ही पोरं एका सुरात कविता म्हणायचो, पलीकडून घोडे खिंकाळायचे. विज्ञान म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. पृथ्वी गोल आहे एवढं एका आर्येत होतं. ती आर्या मला आजही येते, पण पृथ्वी गोल कशावरून, हे पंतोजींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सुख होतं ते! खोटं कशाला बोलू — डोळे मिटले की अजून तो घोड्यांच्या लिदीचा वास येतो आणि कविता आपोआप ओठांवर येते.

पण संताजीची शाळा बघून जीव निराळाच होतो. हायस्कूल संपल्यावर कॉलेजाआधी हा एन्ट्रन्सचा एक वर्षाचा वर्ग. तो कॉलेजात नाही, हायस्कुलातच भरतो. नव्या युनिव्हर्सिटीची टूम. नरसू म्हणतो, "म्हणजे घोडा विकत घ्यायच्या आधी एक वर्ष खोगीर पाठीवर घेऊन फिरायचं." म्हणू दे. मला तर वाटतं, कुणीतरी फार विचार करून हा उंबरठा बांधलाय. एकदम उडी मारून पोरं तोंडावर पडू नयेत म्हणून.

त्यांचे सायन्सचे मास्तर कृष्णमूर्ती. तिशीतला माणूस, कपाळाला गंध, कोटाच्या खिशात फुटपट्टी. वर्गात बसवून शिकवणं त्यांना ठाऊकच नाही बहुतेक. हुणसूर रस्त्यानं थेट हिनकलपर्यंत पोरांना साखळी घेऊन चालवलं — रस्त्याची लांबी मोजा, चढ मोजा, बैलगाडीला वाट द्या आणि आकडा विसरू नका! सुतारशाळेत रंधा मारायला लावतात. ब्राह्मणांची पोरं घरी जाऊन रडली म्हणे, हाताला फोड आले म्हणून. मास्तर म्हणाले, "उद्या इंजिनियर होऊन सुताराला हुकूम देशील. लाकूड कसं बोलतं ते आधी ऐक."

लाकूड कसं बोलतं! हा माणूस कवी आहे, त्याला माहीत नाही एवढंच.

दिवाळीत कण्णंबाडीला नेलं होतं, धरणाचं काम बघायला. तेव्हापासून संताजी झोपेतही दगड आणि चुना बोलतो. एकदा भवानीनं — माझ्या बायकोनं — जेवताना विचारलं, "भात कसा झालाय?" तर म्हणाला, "मध्ये भिंत हवी होती, आजी, सारू वाहून चाललंय." तिनं डाव उगारला.

२८ मार्च

मी एक काम हाती घेतलंय. संताजीच्या सायन्सच्या इंग्रजी पुस्तकातल्या गोष्टी मी भुजंगप्रयातात बांधतोय. एकदा वृत्तात बसलं की मरेपर्यंत जात नाही — मी स्वतः त्याचा दाखला आहे. तरफेचे श्लोक बांधून झाले, भिंगाचे झाले. आज उष्णतेचा बांधला:

जळा तापवीता चढे नित्य पारा,
शते दोन बारा तिथे त्यास थारा.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पाणी उकळतं तेव्हा थर्मामीटरचा पारा इंग्रजी मापाच्या दोनशे बारा अंशांवर थांबतो, मग कितीही लाकडं घाला. केवढं सुंदर आहे हे! थांबतो! जणू त्याला घर सापडलं.

संताजीनं दोनदा म्हटला, पाठ. भवानी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, माझं पाणी तर रोज उकळतं. त्याला कुणी श्लोक शिकवला?"

मी तिला म्हटलं, तुला काव्य कळत नाही. ती म्हणाली, "नाही कळत. लाकडं संपलीत ते कळतं."

२ एप्रिल

बाजारात कृष्णमूर्ती मास्तर भेटले, वांगी निवडत होते. मी श्लोकांचं सांगितलं. हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, "छान आहे, रायरे," — म्हणजे रावसाहेब — "पाठांतर लेखी पेपराला कामाला येतं. पण कॉलेजवाले आता प्रयोगाचे मार्क बघतात. इंजिनियरिंगला जागा थोड्या, नावं फार. प्रयोगात ज्याचा हात बसलाय त्यालाच ते घेणार."

मग थोडे खिन्न झाले. शाळेतला थर्मामीटर गेल्या वर्षी फुटला. नवा मागवला, पण लढाईमुळे विलायतेहून काच येत नाही. "उष्णतेचा धडा मी फळ्यावर शिकवलाय. फळ्यावर पाणी उकळत नाही, काय करता?"

मी म्हटलं, मास्तर, आमच्या वेळी फळासुद्धा नव्हता. ते म्हणाले, "म्हणून तर तुम्ही कवी झालात."

वांगी त्यांनी मला निवडून दिली. किडकं एकही निघालं नाही.

८ एप्रिल

उद्या प्रयोगाची परीक्षा. परीक्षक मद्रासकडचे आहेत, सामान स्वतःचं घेऊन आलेत, थर्मामीटरसुद्धा. तुळसीनं देवापुढे दिवा लावला तो विझूच देत नाही. भवानी नातवावरून मीठ-मिरच्या ओवाळते आणि वर म्हणते, माझा विश्वास नाही.

९ एप्रिल

काय लिहू.

संताजी दुपारी आला. पाय धुण्याआधी मी विचारलं — काय आलं? म्हणाला, "थर्मामीटर तपासायचा आला, अज्जा. पाणी उकळवून पारा कुठे थांबतो ते बघायचं." मी टाळीच वाजवली! आपला श्लोक! तो तसाच उभा. मग हळूच म्हणाला, "पारा दोनशे साडेसातला थांबला."

"साडेसात? बारा नाही?"

"साडेसात. मी पुन्हा पाहिलं. पाणी खळखळत होतं. पारा हलेना."

मी डोक्याला हात लावला. अरे, पाठ केलेलं आकड्यानिशी! जाळ कमी ठेवलास, घाई केलीस, डोळा तिरका ठेवलास! तो खाली बघत राहिला. "बाकीच्यांचं काय आलं?" म्हटलं. म्हणाला, "बाकीच्यांनी दोनशे बारा लिहिलं." आणि आत निघून गेला.

तुळसी दारात उभी होती. तिनं फक्त विचारलं, "मामंजी, साडेचारचाच फरक ना?"

साडेचारचाच. पण त्या साडेचारांच्या पलीकडे घोडा उभा आहे.

१० एप्रिल

आज मी एक गोष्ट केली. बरोबर केली असं वाटतंय.

नरसूकडे गेलो. म्हटलं होतं टोमणा मारील, पण माझं तोंड बघून त्यानं पागोटंच उचललं. "चला. परीक्षक मुसाफिरखान्यात उतरलेत. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं." म्हैसूरची रीतच आहे, साहेबाच्या हातात लिंबू द्यायचं, मग बोलायचं. वाटेत नरसूनं मंडईतून लिंबं घेतली, पिवळीधमक, एकेक दाबून.

मी म्हटलं, नरसू, तुला तर पोरगा रिसाल्यात हवाय. तो म्हणाला, "हवाय. पण हरून आलेला नको."

परीक्षक व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. म्हातारे, माझ्याच वयाचे, पायांत खडावा. मी लिंबांची टोपली पुढे केली आणि कचेरीतल्या माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं — पोरगा हुशार आहे, बाप लढाईवर आहे, काल अंगात कणकण होती (ही भर माझी), नजर चुकली, दोनशे बाराच्या जागी दोनशे साडेसात झालं, तेवढं साहेबांनी पोटात घालावं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "दोनशे साडेसात? कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला, साहेब. घरी आल्या आल्या. पाय धुण्याआधी."

"तुमच्या नातवाचा नंबर काय?"

नंबर सांगितला. ते उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. नरसू माझ्या कानात, "दादा, लिंबं जास्त झाली की कमी?" बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही दिसेना. टोपलीतून एक लिंबू उचललं, बाकीची परत माझ्या हातात दिली. म्हणाले, "आपण निघावं. फार उन्हाचं आलात."

एक लिंबू घेतलं! म्हणजे शब्द घेतला. नरसूही म्हणतो, न घेता परत केली असती तर गेलंच होतं.

देवा, तुझे उपकार.

१३ एप्रिल

काल उगादी झाली. कडुनिंब-गूळ खाल्ला. भवानी म्हणाली, "यंदा गूळ जास्त घातलाय. कडू आधीच झालंय."

संताजीला मुसाफिरखान्याचं अजून सांगितलं नाही. निकाल लागला की सांगेन, हसेल.

१५ एप्रिल

अय्यो देवरे! मी काय करून बसलो!

सकाळी कृष्णमूर्ती मास्तरांकडे गेलो होतो, उगादीचा नमस्कार करायला. ते शाळेतच होते, सुट्टीतही. मला बघून, "बन्नी, रायरे, बन्नी!" करत प्रयोगाच्या खोलीत घेऊन गेले. परीक्षकांनी जाताना एक थर्मामीटर शाळेला ठेवून दिला होता. मास्तर लहान पोरासारखे खूश. मी आपला उसासा टाकून म्हणालो, याच नळीनं आमच्या संताजीचा घात केला, बाकी सगळ्यांना बारा दाखवलं आणि त्याला साडेसात.

मास्तर थांबले. "काय म्हणालात? साडेसात पाहिलं त्यानं?"

मग ते कामालाच लागले. दिवा पेटवला, चंबूत पाणी घातलं, नळी सोडली. मला स्टुलावर बसवलं. "नोडी. तुम्हीच बघा. श्लोक म्हणू नका, नुसतं बघा."

मी बघत बसलो. तळाला बुडबुडे आले, मग सुटे सुटे वर निघाले, मग सगळं पाणी एकदम जागं झाल्यासारखं. पारा चढत गेला... आणि थांबला. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. साडेसात!

मास्तर म्हणाले, "हौदु! साडेसातच! बारा आहे ते समुद्राकाठी, रायरे. ज्यानं पुस्तक लिहिलं त्याच्या गावी. हवेचं ओझं पाण्यावर असतं, ते झुगारून पाण्याला उकळायचं असतं. आपण समुद्रापासून अडीच हजार फूट वर राहतो. इथे हवा पातळ, ओझं कमी. म्हैसुरात पाणी लवकर सुटतं. साडेपाचशे फुटांना एक अंश धरा, करा हिशेब."

मग कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी हे ओझ्याचं फळ्यावर शिकवलं होतं हो! पण पोरं पुस्तकातला आकडा घेऊन गेली. मी विचारलं सगळ्यांना, प्रत्येकजण म्हणतो बारा. संताजीला विचारलं तर तो बोललाच नाही."

मी त्यांचे हात धरले. रडलोसुद्धा. माझ्या गावचं पाणी! सारा जन्म इथे पाणी तापवून अंघोळ केली, चहा घेतला, आणि ते कुठे उकळतं हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं. शाळा, तुझं ऋण! मला कुठल्या वर्गात बसवलंस बघ, फी न घेता.

आणि मग आठवलं — लिंबं.

मास्तरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दारावरचा कागद दाखवला. तो मी दहादा पाहिला असेन, वाचला नव्हता. जो उमेदवार परीक्षकाकडे शिफारस पाठवील त्याचं नाव बाद.

पोरानं खरं लिहिलं. मी जाऊन ते खोटं म्हणून सांगून आलो. वर लिंबू दिलं.

१६ एप्रिल

मुसाफिरखान्यात गेलो. परीक्षक गेले बेंगळूरला. खानसामा म्हणाला, परवाच.

घरी येऊन संताजीला सगळं सांगितलं. रागवेल वाटलं होतं. तो पांढराफटक पडला. "तुम्ही त्यांना साडेसात सांगितलंत?" म्हणाला. "सांगितलंत, अज्जा?" दोनदा विचारलं. मग परसात जाऊन बसला.

भवानी मला एवढंच म्हणाली, "अहो, आयुष्यभर कुणाकडे काही मागायला गेला नाहीत. आणि गेलात ते कशाला!"

२० एप्रिल

श्लोक दुरुस्त करायला बसलो. दुसरं काय येतं मला?

"दोनशे साडेसात" भुजंगप्रयातात बसत नाही. आर्येत घालून पाहिलं. ओढूनताणून बसतं, पण लंगडतं. दिवसभर मात्रा मोजल्या. खरी गोष्ट वृत्तात बसेना! दोनशे बारा कसं झोकात बसलं होतं. या वयात हे कळावं, की जे गोड बसतं ते आपल्या गावचं असेलच असं नाही.

पण एक समाधान आहे. जागा मिळो न मिळो, माझ्या नातवानं जे पाहिलं ते लिहिलं. सगळी पोरं पुस्तकाला भिऊन बारा लिहीत होती तेव्हा हा एकटा! आज देवळात, चावडीवर, मंडईत, भेटेल त्याला सांगितलं. नरसूनं ऐकलं आणि मिशीवरचा हात काढला. म्हणाला, "दादा, हा रिसाल्याचाच आहे. शत्रू दिसला तर दिसला म्हणणार."

२६ एप्रिल

संताजी नीट जेवत नाही. मी गोष्ट काढली की उठून जातो. काल शेजारच्या शेषगिरींनी त्याची पाठ थोपटली, "शाब्बास, खरं लिहिणारा!" तर हा पाठ सोडवून आत निघून गेला. मी समजतो. लिंबाचं शल्य आहे. मी त्याचं वर्ष घालवलं आणि वर त्याचीच स्तुती करत फिरतोय. असं कुणाला आवडेल?

तुळसीला म्हटलं, पोर माझ्यावर रुसलंय. ती म्हणाली, "तुमच्यावर नाही वाटत, मामंजी. स्वतःवर रुसल्यासारखा दिसतो." आईला काहीतरीच वाटतं.

२ मे

नरसू येऊन गेला. भरतीचं काही बोलला नाही. न बोलता गेला तेच जास्त लागलं.

७ मे

बेंगळूरहून कार्ड! संताजीला बोलावलंय — कॉलेजात, चौदा तारखेला, परीक्षकांसमोर. का ते लिहिलेलं नाही. भवानी म्हणते जागा द्यायला. नरसू म्हणतो कान उपटायला. कृष्णमूर्ती मास्तरांना दाखवलं. ते बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिले. "बाद करायचं असतं तर एक ओळ पुरली असती," म्हणाले. मग संताजीला दार लावून शिकवत बसले — हवेचं ओझं, उंची, उतार. जाताना म्हणाले, "एवढंच लक्षात ठेव, मगा, बाळा. जे विचारतील त्याचं उत्तर समोर असेल. पुस्तकात शोधू नकोस."

सुट्टीतला पगारी माणूस, दुसऱ्याच्या पोरासाठी घसा कोरडा करतोय. तुळसीनं ताक नेऊन दिलं तर भांडं परत करताना म्हणाले, "अम्मा, हा गेला तर माझी शाळा गेली असं समजा." म्हणजे बेंगळूरला गेला तर. आम्हाला कळायला क्षण लागला!

१३ मे

नरसूबरोबर रेल्वेनं रवाना केलं. नरसूनं तलवारीऐवजी छत्री घेतली. संताजीनं पाया पडताना माझे पाय जरा जास्तच धरून ठेवले.

१४ मे

रात्रीची गाडी येईल. लिहिणं सुचत नाही.

१५ मे

जागा मिळाली! मिळाली! मिळाली!

काल उशिरा आले दोघे. नरसू दारातूनच ओरडला, "वैनी, साखर काढा!" आणि म्हातारा माणूस मटकन खाली बसून रडायला लागला. रिसाल्यात असताना कधी रडला नाही म्हणायचा!

मग त्यानं सांगितलं ते असं. परीक्षकसाहेबांनी संताजीला आत घेतलं, नरसूला बाहेर बाकावर ठेवलं. दार अर्धं उघडं. आधी काहीतरी हलक्या आवाजात चाललं, ते ऐकू आलं नाही. मग साहेब मोठ्यानं म्हणाले, "म्हैसुरात साडेसात. बेंगळूर तुमच्यापेक्षा पाचेकशे फूट वर. इथे किती? पाणी ठेवायच्या आधी सांग." पोरानं थोडा वेळ घेतला. "दोनशे साडेसहाच्या आसपास." "आसपास?" "हवा रोज सारखी नसते, सर." मग पाणी ठेवलं. नरसू म्हणतो, "दादा, लढाईत तोफ सुटायची वाट पाहिली नाही अशी त्या पाण्याची पाहिली." साहेबांनी संताजीलाच वाचायला लावलं. "साडेसहाला जरा कमी," तो म्हणाला. साहेब वाकले, स्वतः पाहिलं, आणि लिहून घेतलं.

जूनमध्ये इंजिनियरिंगच्या वर्गात!

सकाळीच कृष्णमूर्ती मास्तरांकडे जाऊन आलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या दिवशी पाणी उकळायला लावणार. पुस्तक नंतर."

तुळसी आज पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मिसरला पत्र टाकायला बसलीय, माझ्याकडून मजकूर नको म्हणते, श्लोक घालीन म्हणून.

देवा, म्हैसूर, शाळा, मास्तर, पातळ हवा — सगळ्यांचे उपकार.

१६ मे

पहाटे संताजी माझ्या अंथरुणाशी येऊन बसला. म्हणाला, "अज्जा, आता लोकांना सांगू नका. कागदावर मी दोनशे बाराच लिहिलं होतं."

पारा साडेसातला पाहिला. भ्याला. श्लोक आठवला, शेजारच्याचा कागद पाहिला, आणि बारा लिहिलं. घरी मला पाहिलेलं सांगितलं. मी विचारलं नाही की लिहिलंस काय.

बेंगळुरात साहेबांनी पहिल्यांदा तो कागदच त्याच्यापुढे ठेवला, हलक्या आवाजात. म्हणाले, "सगळ्यांचे कागद असेच आहेत, तुझाही. मी सगळ्यांना सारखंच लेखणार होतो. पण तू खरं काय पाहिलंस, ते एक म्हातारा भर उन्हात येऊन मला सांगून गेला."